हळद धुतली तरी पिवळाच

"आधी ती हळद धुऊन या," डॉक्टर म्हणाले. मी नळावर जाऊन तोंड खसाखसा धुतलं. तरी पिवळाच! त्यांनी माझ्या पापण्या ओढून पाहिल्या. "नवरदेव, ही कावीळ आहे. लग्न पुढे ढकला."

लग्न दुसऱ्याच दिवशी होतं. मी हळदीच्या बनियनवरच आलो होतो, हातात कट्यार घेऊन. रांगेतल्या लोकांनी मुकाट्याने मला पुढे जाऊ दिलं होतं.

आठवडाभर जेवण जात नव्हतं, लघवी गडद होत होती. घरच्यांना वाटलं, लग्नाचं टेन्शन. सकाळी डोळेही पिवळे दिसले, तेव्हा मावशी कौतुकाने म्हणाली, "कशी चढली गा तुले हळद!" मग मी मांडवातच ओकलो आणि कौतुक थांबलं.

रक्त तपासलं. बिलिरुबिन वाढलेलं, म्हणजे यकृत बिघडल्यावर रक्तात साचणारा पिवळा रंग. "महिन्याभरापूर्वी कुठे जेवलात?" डॉक्टरांनी विचारलं. कुठे जेवलो नाही ते विचारा! शहरभर, महालापासून सीताबर्डीपर्यंत, केळवणंच केळवणं. पहिलं मावशीकडे. तिच्या नातवाला तेव्हा कावीळ झाली होती. त्याची चड्डी बदलून, हात पाण्याखाली धरून, पदराला पुसून तिने मला पुरणपोळी भरवली होती.

सोबत आलेली मावशी भडकली. "धुतले ना मी हात! पान्यानं नाही तं काय दुधानं धुऊ?"

"साबणाने," डॉक्टर म्हणाले. "बोटांच्या मधे, नखांत, सगळीकडे."

आमच्याकडे साबण लागायचा तो मटण खाल्ल्यावर, वास जावा म्हणून. जेवणाआधी कोण लावतो?

मी अंथरुणावर पडून उसाचा रस पीत होतो आणि मनातून घाबरलो होतो. माझी नवरी शोभा हुडकेश्वरच्या शाळेत मास्तरीण. मला फार आवडली होती. तिचे वडील म्हणे दुसरं स्थळ बघत होते. शेवटी तिचा भाऊ निरोप घेऊन आला, "ताई म्हनते, डोळे पांढरे झाले की कळवा." त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

डोळे पांढरे झाले आणि लग्न झालं. पंगतीत मी शोभाला भरवायला जिलबीचा घास उचलला. बायका ओरडल्या, "नाव घे वं, नाव घे!" शोभाने तोंड घट्ट मिटलेलं. मग म्हणाली, "हात धुतले का जी? साबनानं?"

सगळा मांडव हसला. मी कानापर्यंत लाल झालो; पिवळ्यापेक्षा बरं. तेवढ्यात मावशी तांब्या आणि साबणाची वडी घेऊन आली. तिने आधी स्वतःचे हात धुतले, बोटांच्या मधेसुद्धा, आणि मग माझ्या हातांवर पाणी घातलं.

वाचणाऱ्यांनो, जेवणाआधी साबण लावा. आमच्या घरी त्या दोघींच्या कृपेने तेव्हापासून कुणाला कावीळ झाली नाही. उखाणा मात्र अजून बाकी आहे.