कोणी काही पाहिलं नाही

भरधाव गाडी हाकणाऱ्याला तुरुंगात टाकावं की दंडावर सोडून द्यावं, हा वाद आमच्याकडे जेवताना निघाला की मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात जाते. जावई वकील आहेत. ते शांतपणे समजावतात की तुरुंगानं माणूस सुधारत नाही, चूक वेगळी आणि गुन्हा वेगळा, हेतू बघावा लागतो. असेल, सगळं बरोबर असेल. माझी आई कुणाच्याही हेतूशिवाय मेली. हे मी टेबलावर बोलले तर सगळ्यांचे घास अडकतील, म्हणून आत जाते.

आम्ही लालबागला चाळीत राहत होतो आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. पाळी सुटली की उरलेला माणूस चळवळीचा. घराच्या वाट्याला काय येई ते आई सांगू शकली असती. सत्याग्रह करून ते एकदा तुरुंगातही जाऊन आले होते. सगळी चाळ त्यांना भाऊ म्हणायची. भाऊ म्हणाले ऊठ की चाळ उठायची, भाऊ म्हणाले बस की बसायची.

मोर्चावर झालेल्या गोळीबारानंतर पोलीस दगडफेक करणाऱ्यांना शोधत घरोघर फिरू लागले, तेव्हा बाबांनी गॅलरीत उभं राहून सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली. पोलीस आला तर त्याला पाणी द्या, बसायला स्टूल द्या, पण कोणी काही पाहिलेलं नाही. एकानं तोंड उघडलं तर दहा घरांतली माणसं आत जातील. चाळीनं ते असं उचललं की तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांपासून वरच्या माळ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच वाक्य. हवालदार रडकुंडीला यायचा. तो जिना उतरून गेला की आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. माझ्या बापाची ती करामत होती आणि मला तिचा भारी अभिमान वाटायचा.

दुसऱ्या माळ्यावर लॉरी चालवणारा एक तरुण राहायचा. गोळीबाराच्या दिवसांत त्यानं जखमी माणसांना लॉरीत घालून परळच्या इस्पितळात नेलं होतं, आडव्यातिडव्या गल्ल्यांतून, जीव मुठीत धरून. त्याच्या वेगामुळे माणसं वाचली. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण लोकांनी पाठ थोपटली तशी त्याला त्या वेगाची चटकच लागली. सभा असो, मोर्चा असो, चाळीतली मंडळी त्याच्याच लॉरीत चढायची. दुसऱ्या वाडीची लॉरी पुढे दिसली की मागचे ओरडायचे, ‘हाण रे, हाण. काढ पुढं.’ आणि तो पुढं काढायचा. कुणी मरत नव्हतं, कुणाला इस्पितळात पोचवायचं नव्हतं, तरी काढायचा.

त्या दुपारी फोर्टातला मोर्चा आटोपून लॉरी परत येत होती. मागे आमच्याच चाळीतली माणसं, हातात झेंडे, घसे बसलेले. बाबा त्या दिवशी पाळीवर होते. आई माझगावला मावशीकडे गेली होती, ती परत येताना ट्राममधून उतरत होती. आताच्या लोकांना सांगावं लागतं की ट्राम रस्त्याच्या मधोमध चालायची आणि उतरणारा माणूस थेट रस्त्यातच उतरायचा. म्हणून ट्राम थांबली की बाकीच्या गाड्यांनी मागे थांबायचं, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पुढं दुसऱ्या वाडीची लॉरी होती, ती थांबली. आमच्या लॉरीनं ट्राम आणि फूटपाथ यांच्यामधून वाट काढली. आईचा एक पाय अजून पायरीवर होता.

बाबांना गिरणीतून बोलावून आणलं. आम्ही दोघं इस्पितळात बसलो होतो आणि आई आत होती. दिवे लागायच्या सुमाराला गेली. ती बोलली नाही, तिनं डोळे उघडले नाहीत, सांगण्यासारखं काही नाही.

आम्ही घरी आलो तर गॅलरीत सगळी चाळ उभी. बायकांनी मला जवळ घेतलं. शेजारचे गृहस्थ पुढे झाले, बाबांचा हात हातात धरला आणि हलक्या आवाजात, जणू त्या काळ्या दिवशी तेवढाच एक दिलासा आपल्यापाशी आहे अशा सुरात म्हणाले, ‘भाऊ, पोलीस येऊन गेले. जबान्या लिहून घेऊन गेले. तुम्ही काळजी करू नका, कुणीही तोंड उघडलेलं नाही.’

चाळीतल्या लोकांना वाटलं होतं, भाऊंना हेच हवं असेल. त्यात लबाडी नव्हती, निदान त्या संध्याकाळी नव्हती. मी पुष्कळ वर्षं लबाडी शोधली, कारण ती सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. चळवळीत जे शिकले तेच त्यांनी भाऊंच्या बायकोसाठी केलं, आणि भाऊंच्याच प्रेमापोटी केलं.

आईचे दिवस झाल्यावर बाबा दारोदार गेले. मी त्यांच्यासोबत होते. ते म्हणायचे, ‘लॉरीत तुम्ही होतात. ट्राम उभी होती, एवढंच खरं ते सांगा. जास्त काही नको.’ लोक बसायला सतरंजी घालायचे, चहा पुढे करायचे आणि मान खाली घालायचे. आधी एक लिहून दिलं, आता दुसरं सांगितलं तर आम्ही खोटे ठरू. मग दगडफेकीचंही उकरून काढतील. आणि भाऊ, तो काही खुनी आहे का? आपलाच पोरगा आहे, त्याला पोलिसाच्या हाती कसा द्यायचा? तळमजल्यावरची म्हातारी, जी आईबरोबर रोज नळावर असायची, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, ‘मिया काय बगूक नाय रे भाऊ.’ ती तर लॉरीत नव्हतीच, पण तिलाही तेवढंच येत होतं.

तो लॉरीवाला स्वतः एकदा आला होता. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. बाबांनी त्याला उठवलं नाही. ‘पोलिसांत जा आणि ट्राम उभी होती म्हणून सांग,’ एवढंच म्हणाले. तो हो म्हणाला. त्या वेळी तरी तो खरंच जाणार होता असं मला वाटतं. मग दुसऱ्या माळ्यावर मोठी माणसं बसली, त्याला चार गोष्टी समजावल्या, आणि कोर्टात त्यानं सांगितलं की बाई एकदम आडवी आली. ट्राममधली माणसं तेव्हाच पांगली होती, ट्रामवाल्यांनी आपण अडकू नये म्हणून लक्ष नव्हतं असं सांगितलं, दुसऱ्या वाडीच्या लॉरीनंही काही पाहिलेलं नव्हतं; ट्राम उभी होती की चालत होती हे सांगायला कुणी नव्हतंच. कोर्टानं दंड केला. तो त्याच्या मालकानं भरला आणि पुढच्या सोमवारी लॉरी पुन्हा आमच्या दारात उभी.

त्या रात्री बाबा मला म्हणाले, ‘मला त्याचा जीव नको होता गं. वर्षभर आत बसला असता. रोज सकाळी उठून, आपण इथं का आहोत हे त्याला आठवलं असतं. एवढंच पाहिजे होतं.’ मला वाटतं, कायदा शिकलेल्या माणसांना जे दहा पानांत सांगावं लागतं ते यात आलं. माणूस सुधारतो की नाही हे मला ठाऊक नाही. पण माणूस मेला आहे हे कुणीतरी, कुठंतरी, कुलूप लावून कबूल करायला नको का? दंड भरला की तेवढंही उरत नाही, सगळं फिटून जातं. माझ्या मते शिक्षा तुरुंगाचीच असावी. माझं मत कुणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

बाबांनी त्यानंतर गॅलरीत उभं राहून कुणाला काही सांगितलं नाही. सभांना जायचे, मागे बसायचे. ‘चळवळ सोडून का देत नाही?’ असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, ‘चळवळीनं काय केलंय?’

पुढच्या सत्याग्रहात आमच्या चाळीतल्या बऱ्याच जणांना पकडलं, त्यात तो लॉरीवालाही होता. काही आठवड्यांनी सगळे सुटून आले. सुटून आलेल्यांना चाळीच्या दाराशी ओवाळायचं आणि हार घालायचे, ही पद्धतच पडली होती. बायका तबकं घेऊन उभ्या राहिल्या, ताशा वाजत होता, आणि हारांची परडी कुणीतरी सवयीनं बाबांच्या हातात आणून दिली, कारण हार भाऊच घालायचे. आज सुटून आलेल्यांत तोही आहे, हे कुणाच्या मनातही आलं नाही. मी बाबांचा सदरा मागून धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला.

एकेक जण पुढे येत होता. तो आला, खाली वाकला. बाबांनी त्याच्या गळ्यात हार घातला. मग विचारलं, ‘आत झोप लागायची का रे तुला?’

‘लागायची की, भाऊ,’ तो म्हणाला. किती दिवसांनी बाबा आपल्याशी बोलले, म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. ‘सगळी आपलीच माणसं होती ना.’

हार एका खांद्यावरून घसरला होता. बाबांनी तो नीट केला आणि पुढच्या माणसासाठी परडीतला दुसरा हार घेतला.