पोषण महिन्यातली मारामारी

ती अंगणवाडीच्या दारात आली तेव्हा तिचा डावा डोळा पूर्ण मिटलेला होता. गाल सुजून काळानिळा पडला होता आणि कानाखाली भाजल्याचा लालभडक चट्टा होता. पोट सातव्या महिन्याचं. ओढणीनं तिनं अर्धं तोंड झाकलं होतं, पण मला ते उघडायला लावावंच लागणार होतं. गरोदर बाईला घरी न्यायच्या आहाराची पाकिटं द्यायची, तर आधी मोबाईलवर तिचा चेहरा जुळावा लागतो. तसा नियम आहे.

खडकी स्टेशनच्या मागच्या वस्तीत मी अंगणवाडी सेविका आहे. एक खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर पोषणाची चित्रं. सोबतीला मदतनीस. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणते. आता सगळी वस्तीच म्हणते.

"वर बघ," मी तिला म्हटलं. "सरळ. आता डोळे मिचकाव."

तिनं उजवा डोळा मिचकावला. चेहरा जुळत नाही, असं मोबाईलनं सांगितलं. दाराशी उजेडात नेलं, तरी तेच. मावशीनं ओल्या फडक्यानं तिचा डोळा पुसायला घेतला, तर ती कळवळून खालीच बसली.

मी सुपरवायझर मॅडमना फोन लावला.

"सूज उतरल्यावर करा," त्या म्हणाल्या.

"तोवर तिनं खायचं काय?"

"ताई, ते अ‍ॅप मी बनवलेलं नाही."

खरंच होतं. त्यांनी बनवलेलं नव्हतं आणि मीही नाही. ज्यांनी बनवलं त्यांनी पाकिटांची चोरी होऊ नये याचा विचार केला होता, आणि तो काही वाईट विचार नव्हता. फक्त बाईचा चेहरा एका रात्रीत ओळखू न येण्याइतका बदलू शकतो, हे त्यांच्यापैकी कुणाच्या घरात घडलं नसावं.

"कशानं मारलं?" मावशीनं विचारलं.

"तव्यानं," ती म्हणाली. "तापलेला होता."

ती यवतमाळकडची. नवरा खराडीच्या कंपन्यांची बस चालवायचा. लग्नानंतर वर्षभरानं त्यानं तिला पुण्यात आणलं. रक्त कमी, वजन कमी, आणि स्वभाव असा की चारदा विचारल्याशिवाय हवं ते सांगायची नाही. पण आठवड्यापूर्वी आमच्याकडे पाककृतींचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा सगळ्यात पुढे हीच होती. सप्टेंबर म्हणजे आमचा पोषण महिना. दिल्लीहून विषय ठरून येतो: तेल कमी, साखर कमी, आपल्या भागात पिकतं ते खा. ज्वारी, बाजरी, नाचणी. पूर्वी त्यांना भरड धान्य म्हणायचे, आता श्री अन्न म्हणायचं. मी त्या दिवशी शेगडी मांडून मेथी घातलेली ज्वारीची भाकरी केली, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली. हिनं माझ्या हातातून पीठ ओढून घेतलं आणि अशी भाकरी थापली की आम्ही बघतच राहिलो. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली.

आदल्या रात्री तिनं घरी तोच बेत केला. तेल बेताचं, पोळीऐवजी भाकरी. नवरा ड्युटी करून आला, ताटाकडे बघत उभा राहिला.

"त्यानं ताट उडवलं," ती सांगत होती. "म्हणे, कण्या अन् जवारी खाऊ खाऊ माह्या बापाचे दिवस गेले. मी पुण्यात गाडी हाकतो ते काय पुन्हा जवारीच खासाठी? मी म्हटलं, अंगणवाडीत सांगतलं, बाळासाठी चांगलं असते. सरकारच सांगते म्हणून. तर म्हणे, सरकारले बोलाव. अन् चुलीवरचा तवाच उचलला."

मावशीनं बचत गटाकडून आलेल्या डब्यातली पोरांची खिचडी ताटलीत वाढली आणि तिच्यापुढे ठेवली. एका बाजूनं चावत, डोळ्यातून पाणी गाळत ती सगळं जेवली. मी तिला म्हटलं, उद्यापासून दुपारी इथंच येऊन जेवायचं. दवाखान्यात चल, चौकीत चल, असंही म्हटलं. दवाखान्यात आली. चौकीत यायला नाही म्हणाली.

पुढचे काही दिवस ती रोज आली. पोरांच्या पंगतीत, भिंतीला टेकून बसायची. पोरांना तिच्या डोळ्याची भीती वाटायची, मग वाटेनाशी झाली.

नवऱ्याला कुणी सांगितलं, कळलं नाही. तो भरदुपारी आला. कंपनीचा निळा शर्ट, पायात बूट. उंबऱ्यातूनच ओरडला, "काहून बसली वं इथं? भीक मागत?"

मी पुढे झाले. "अहो, पोरं जेवतायत. बाहेर बोलू आपण."

त्यानं मला बाजूला ढकललं आणि खिचडीच्या डब्याला लाथ घातली. डबा भिंतीवर आदळला, गरम खिचडी पोरांच्या अंगावर उडाली. एकच किंकाळी उठली. त्यानं तिची वेणी धरली आणि तिला जमिनीवरून ओढत दाराकडे नेऊ लागला. ती दोन्ही हातांनी पोट धरून होती, त्यामुळे तिला कशालाच धरता येईना. मी त्याच्या हाताला लटकले. त्यानं वळून उलट्या हाताची माझ्या तोंडावर दिली. दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून ऐकू आला.

तेवढ्यात मावशीनं मारलं. तिच्या हातात वाढायचा मोठा स्टीलचा डाव होता. पहिला घाव मनगटावर, वेणी सुटली. दुसरा मानेवर. तो मावशीवर धावला आणि माझ्याकडे त्याची पाठ आली. माझ्या हातात काय आहे याचा मी विचार केला नाही. हाणला तेव्हा कळलं की तो अंगणवाडीचा मोबाईल होता. तो वळला, मी त्याच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. काच फुटून माझ्याच तळव्यात घुसली, तरी हाणत राहिले.

पलीकडच्या बुद्धविहारात आमच्या बायका ग्रंथवाचनाला जमल्या होत्या. आरडाओरडा ऐकून त्या पांढऱ्या साड्यांतच धावत आल्या. त्यांनी त्याला बाहेर गटारापाशी ओढला आणि चपलांनी, हातांनी, कुणाच्या हाती आलेल्या विटेच्या तुकड्यानं झोडपला. पहिल्यांदा तो शिव्या देत होता. मग आई आई म्हणायला लागला. मग काहीच म्हणेना. तेव्हा मला भीती वाटली. मी रक्ताची थुंकी टाकत मध्ये घुसले, "बास, बास, मरंल तो," म्हणून ओरडले. एका बाईचा हात मी धरला, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं जणू मी कोण हेच तिला कळत नव्हतं. दोघी-तिघींना मिठी मारून मागे ओढावं लागलं.

तो जगला. बरगड्या मोडल्या होत्या.

चौकीत हवालदारानं शांतपणे विचारलं, "आपण सरकारी नोकर का?"

"नाही. मानधनावर आहे."

"मग सरकारी कामात अडथळ्याचं कलम कसं लावायचं?"

मी तोंडावरचा रुमाल काढून दाखवला. "हा दात मानधनावरचा आहे, असं लिहा."

तो हसला नाही, पण तक्रार लिहून घेतली. या वेळी तिनंही स्वतःची दिली. जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, पण तव्यापासून सगळं सांगितलं. गावाकडून तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला.

सुपरवायझर मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. मला वाटलं, मोबाईलचं विचारतील. त्यांनी माझं तोंड बघितलं, पोरांच्या हातावरचे फोड बघितले, आणि भिंतीपाशी खाली बसल्या. मोबाईल पडून फुटला असं त्या वर कळवणार होत्या. जाताना म्हणाल्या, "मीही मारलं असतं." मग दारातून वळून, "निदान मारावंसं वाटलं असतं."

पोरं पुढे कितीतरी दिवस मारामारी खेळत होती. एक जण नवरा व्हायचा, एक मावशी, एक मी. माझं काम करणारी पोरगी लाकडी ठोकळा घेऊन दात-ओठ खात मारायची. पोटुशी बाई व्हायला कुणी तयार नसायचं. मी खेळ थांबवला की ती गप्प बसत आणि माझी पाठ वळली की पुन्हा सुरू करत. मी त्यांना फार रागावू शकले नाही. त्या दिवशी तिसऱ्यांदा हाणताना मला बरं वाटलं होतं, हे मला माहीत आहे. तशी मी घरात झुरळही मारत नाही.

थंडीत एकदा तिचा फोन आला. मुलगी झाली होती.

"वजन?" मी सवयीनं विचारलं.

"कमीच आहे. पण दूध पिते चांगली."

"आणि तू? जेवतेस का नीट?"

"जेवतो ना, ताई. जे असंल ते." मागे कुणीतरी भांडी घासत होतं, बाळ रडत होतं. "इथं मी जेवतानी माह्या ताटाकडे कोणी पाहत नाही."

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.