फक्कीचं घर

नौपाड्यातल्या दोन खोल्या सोडल्या त्या सकाळी सामान पुढे गेलं आणि आई, धाकटा भाऊ नि मी टांग्यात बसलो. तुम्ही शेजारची सगळी मंडळी गॅलरीत उभी होतात. कुणीतरी हळूच म्हणालं, "भाऊंना काही नवं घर लाभलं नाही." त्याचं उत्तर आज लिहिते आहे.

आमच्या वडिलांचं, म्हणजे भाऊंचं, सगळं आयुष्य "आधी घर होऊ दे, मग बघू" यावर चाललं होतं. नाशिकची सहल मग, ग्रामोफोन त्याच्याही मग. डोंबिवलीला जमीन घेतली आणि परमिटच्या सिमेंटची वाट बघता बघता त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, जपा, भरवसा देता येत नाही.

भाऊंना जरा बरं वाटल्यावर एका रविवारी आई आम्हा सगळ्यांना जमिनीवर घेऊन गेली. पिशवीतून चुन्याची फक्की काढून तिने गवतावर नकाशाप्रमाणे खोल्या आखल्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर. भाऊ ओशाळले. लोक हसतील म्हणाले.

"हसू देत. आज आपण घरी जेवायचं."

भाऊंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग दाराच्या जागी आले, रेघेबाहेर चपला काढल्या आणि आत गेले. मला रडू आवरेना.

त्यानंतर पावसाळा सोडला तर प्रत्येक रविवार तिथेच. पुसट झालेल्या रेघा पुन्हा काढायच्या, डबे उघडायचे. कधी श्रीखंड, कधी नुसतं पिठलं. कुणाकडून तरी ग्रामोफोन मागून आणला, तेव्हा आमचे शिस्तीचे भाऊ त्यावर चक्क बेसूर गायले. जमीन विकणारे शेतकरी धाकूबाबा काकड्या घेऊन यायचे. तेसुद्धा रेघेशी थांबून विचारायचे, "दार कंच्या बाजूनं?" आणि वळसा घालून दारातूनच आत यायचे. असं सव्वा वर्ष आम्हाला मिळालं. त्याबद्दल देवाचे उपकार मानावे तेवढे थोडे.

भाऊ गेले तेव्हा जेमतेम चौथरा झाला होता.

आता इथे राहून वर्ष झालं. एका भिंतीला अजून गिलावा नाही, पण त्यासाठी आम्ही काही अडवून ठेवत नाही. आंबे आले की त्याच दिवशी रस. वास्तुशांतीला गवंडी जेवायला आला होता. तो सांगत होता, चौथऱ्याचं काम लांबलं म्हणून त्याने एकदा भाऊंची माफी मागितली होती, तर भाऊंनीच त्याला धीर दिला.

"होऊ दे सावकाश. आम्ही केव्हाच राहायला आलोय."