चौक बाजाराची सरळ रेघ

जालन्याला बांधकामाच्या कचेरीत मी बरीच वर्षं नकाशे काढले. इतक्या वर्षांत तुम्ही बांधलं काय, असं कोणी विचारलं तर मला चटकन सांगता येत न्हाई. किस्से मात्र ढिगानं साचले. काम झालं असतं तर ते साचलेच नसते, असं आता वाटतं. जुनी दोस्तमंडळी जमली की म्हणतात, "तो बाजाराचा सांगा ना!" मी सांगतो, ते हसतात. आधी मीही हसायचो.

निजामी अमदानी होती, दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आमच्या चौक बाजारात दोन्ही अंगांनी दगडी कमानींची दुकानं आणि वर लाकडी सज्जे. रस्ता इतका चिंचोळा, की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या की एकाला बैल सोडून गाडी मागं ढकलावी लागायची. सज्जे वाकले होते, पावसाळ्यात गळायचे. व्यापारी म्हणायचे, दुरुस्ती करा. हैदराबादेहून आलेले आमचे इंजिनियर साहेब म्हणायचे, सगळं पाडून सिमेंटचा नवा बाजार करू, रुंद रस्ता करू.

साहेब तरुण होते, हुशार होते. वाईट तर बिलकुल नव्हते. त्यांना जालन्याचं खरंच भलं करायचं होतं. तिथंच सगळी पंचाईत झाली.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्या टेबलावर गावाचा नकाशा पसरला, स्केल ठेवलं आणि लाल पेन्सिलीनं एक रेघ मारली. काय सरळ रेघ! मी नकाशानवीस माणूस, मला ती आवडली. खोटं कशाला बोलू?

"रास्ता यूँ जाएगा," साहेब म्हणाले.

आमचे ओव्हरसियर हमीदमियाँ वाकून बघत राह्यले. जन्म जालन्याचा, मराठी माझ्याहून सफाईदार. साहेबांशी मात्र अदबीनं उर्दूत बोलायचे. म्हणाले, "साहेब, ये लकीर तो अपनी कचेरी में से जा रही है."

"कचेरी में कहाँ से?"

"जहाँ आप खड़े हैं, वहीं से."

साहेबांनी पायाखाली पाहिलं. विचार केला. मग दोन पावलं बाजूला सरकले आणि म्हणाले, "अब ठीक है?"

महिन्याभरात आमची कचेरी एका जिनिंगच्या गोदामात गेली. पुढची सगळी वर्षं माझ्या नकाशांना सरकीचा वास येत राह्यला.

*

मग दवंडी पिटली. हुकूम चांगला पानभर होता, त्यात नवा बाजार, रुंद रस्ता, नव्या दुकानांचं वाटप, सगळं लिहिलेलं. दवंडीवाल्यानं त्यातलं आपल्याला पाठ झालं तेवढंच सांगितलं: "पंधरा दिवसांत चौक बाजार खाली करा हो!"

आता आमच्या गावाला 'खाली करा' म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती. प्लेग! लोकांनी कारण विचारलंच न्हाई. आठ दिवसांत चौक बाजार ओस. कोणी मळ्यात खोपी घातल्या, कोणी लेकरंबाळं घेऊन राजूरला गेलं, कापडवाले नारायणशेट सगळे तागे गाडीत भरून मंठ्याला बहिणीकडं पोचले.

साहेब दौऱ्यावरून आले तर बाजार रिकामा! त्यांचे डोळे भरून आले. माझ्यादेखत रिपोर्ट लिहिला: लोकांनी आपल्या खुशीनं, एकही तक्रार न करता जागा मोकळी केली.

तीन आठवड्यांनी नारायणशेट परत आले. दुकानाला सरकारी कुलूप. ते थेट गोदामात आले आणि हळू आवाजात मला विचारलं, "किती उंदीर पडले वो?"

"एकबी न्हाई."

"माणसं?"

"कोणीच न्हाई, शेट. बाजार पाडायचाय म्हणून खाली केला."

नारायणशेट पायरीवर बसले. मग म्हणाले, "अन मी तिकडं रोज देवाला हात जोडून राह्यलो, की माझं दुकान वाचू दे म्हणून."

*

पाडायच्या आधी इमारत शिकस्त आहे, म्हणजे कधीही पडेल, असा दाखला लागायचा. त्यासाठी लिंबाजी गवंड्याला बोलावलं. त्याच्या आज्यानं त्यातल्या निम्म्या कमानी बांधल्या होत्या. लिंबाजी सगळा बाजार फिरला. ठिकठिकाणी दगडाला कान लावून हातोडीनं ठोकून पाहिलं.

"लाकूड सडलंय," तो म्हणाला. "ते बदला. दगडाला काही झालेलं न्हाई. माझ्या नातवाला पुरंल."

हमीदमियाँनी खाली मान घालून लिहिलं, 'शिकस्त.' लिंबाजीनं अंगठा केला. त्याला वाचता येत नव्हतं आणि आम्ही दोघांनीही वाचून दाखवलं न्हाई.

आठवड्यात पाडून होईल असा अंदाज होता. पहिली कमानच नऊ दिवस पडेना! पहारी वाकल्या. शेवटी सुरुंग लावला. कमान जागची हलली न्हाई, समोरच्या हकीमसाहेबांच्या दवाखान्याच्या काचा तेवढ्या फुटल्या आणि उडालेल्या दगडानं तीन मजूर जखमी झाले.

त्या दिवशीच्या रिपोर्टात हमीदमियाँनी लिहिलं, 'इमारत अत्यंत धोकादायक. तीन मजूर जखमी.'

आम्ही खूप हसलो. लिंबाजी बाहेर बसला होता. त्यानं विचारलं, "काय झालं?" आम्ही सांगितलं न्हाई. पुढं त्याच कमानीचे दगड फोडून खडी करायचं काम त्यालाच मिळालं. दुसरं काम गावात नव्हतंच.

*

एकेक दगड सोडवत शेवटी सगळा बाजार पाडला, मैदान झालं आणि वरून एक लिफाफा आला. व्यापाऱ्यांनी फार आधी दिलेल्या अर्जाला मंजुरी! 'जुन्या कमानी टिकाऊ व शोभिवंत आहेत, सबब पाडू नयेत. फक्त लाकूडकाम बदलून दुरुस्ती करावी.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हमीदमियाँ, अब क्या लिखें?"

हमीदमियाँ खिडकीतून त्या मोकळ्या मैदानाकडं बघत राह्यले. मग म्हणाले, "लिखिए साहेब, अब मरम्मत की ज़रूरत बाक़ी नहीं रही."

तसंच लिहून पाठवलं. वरून शाबासकी आली.

*

आता माझी चूक सांगतो. ही मी फार जणांना सांगितलेली न्हाई.

नव्या दुकानांचा प्लॅन मी पातळ ट्रेसिंग कापडावर काढला होता. त्या कापडावरच्या रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसतात, आणि अक्षरं मी अजून घातली नव्हती. बांधकामासाठी त्याची नक्कल काढताना मी कापड उलटं धरलं. वरचं ते खाली झालं, पुढचं ते मागं गेलं.

पाया खणताना लिंबाजी गोदामात आला. "साहेब, दुकानाची दारं नालीकडं येऊन राह्यलीत. रस्त्याकडं नुसती भिंत."

साहेब कामात होते. म्हणाले, "जैसा प्लॅन में है वैसा बांधो. बराबर है."

मी नकाशा पाहिला आणि कळलं, चूक माझीच. त्याच क्षणी बोलायला पाहिजे होतं. पण घरी बायको बाळंतीण होती, नोकरी नवी होती, आणि मी गप्प राह्यलो. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. भिंती छातीएवढ्या आल्या. मग सांगण्यासारखं काही उरलंच न्हाई.

आठ दुकानं उभी राह्यली, आठही रस्त्याकडं पाठ करून! साहेब बघायला आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले. मला वाटलं, आता नोकरी गेली.

साहेब म्हणाले, "दुकानें तो अच्छी बनी हैं. रास्ता पीछे से ले लेंगे."

आणि त्यांनी लाल पेन्सिल मागितली.

*

तो मागचा रस्ता काही झाला न्हाई. लढाई सुरू झाली. सिमेंट बंद, लोखंड बंद. साहेबांची बदली झाली. जाताना प्रत्येकाला भेटले. माझा हात धरून म्हणाले, "बाजार पूरा करना." मी बरं म्हणालो.

हमीदमियाँ रोज स्टेशनावर जायचे. सिमेंटची वॅगन आली का विचारायचे आणि परत यायचे. "उद्या येणार हाय," म्हणायचे. दोन-अडीच वर्षं ते हेच म्हणत राह्यले.

एक दिवस खरंच वॅगन आली! हमीदमियाँ ओरडत गोदामात आले, "आली, आली!" आम्ही सगळे धावत गेलो. दार उघडलं. आत गवतात गुंडाळलेली एकच चीज होती. संगमरवरी पाटी. 'या बाजाराचं उद्घाटन अमुक यांच्या हस्ते झालं.' फार सुंदर अक्षर होतं.

ती पाटी मैदानात उभी केली. करणार काय? हमीदमियाँ पुढं त्याच साली रिटायर झाले. निरोपाचा हार घालताना मी म्हणालो, "मियाँ, काहीतरी बोला." ते म्हणाले, "काय बोलू? चाळीस वर्षं नोकरी केली, अन गावाला विचारशील तर सांगतील, बाजार होता तो यानं न्हाईसा केला." मग टाळ्या वाजल्या.

*

लढाई संपली तरी सिमेंट आलं न्हाई. मग ते गडबडीचं साल आलं, निजामी गेली, नवे अंमलदार आले. साहेबही नवे. त्यांनी फाइल मागवली आणि म्हणाले, जागा बघू. मोटारीतून निघालो. मी नकाशा घेऊन पुढं बसलो होतो.

मैदानात बाजाराचा दिवस होता. लोक पडक्या चौथऱ्यांतून वाट काढत चालले होते. मधोमध, जिथून आमचा रुंद रस्ता जाणार होता तिथं, गोदाबाई कासारीण बसली होती. जुन्या बाजारातलं तिचं कोपऱ्यावरचं दुकान इथंच होतं. अर्ध्या तालुक्यातल्या पोरींनी लग्नाचा चुडा तिच्याकडंच भरलेला. माझ्या बायकोनंही. बाजार पाडल्यावर तिला नवं दुकान मिळालं न्हाई, कारण आठ दुकानांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात तिचं नाव निघालं न्हाई. तेव्हापासून ती घरोघर हिंडून बांगड्या भरायची, असं मी ऐकून होतो.

त्या दिवशी तिनं घोंगडी अंथरली होती. समोर अंबडकडची एक नवरी, तिची आई, मावशी. नवरीचा हात गोदाबाईच्या हातात, हिरवी बांगडी मुठीवर अडकलेली. पोरीच्या डोळ्यांत पाणी.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. गोदाबाई हलली न्हाई.

साहेब उतरले. मीही उतरलो. आमचा चपराशी पुढं झाला, "अहो बाई, उठा! साहेब आल्यात. हा रस्ता हाय!"

गोदाबाईनं मान वर केली न्हाई. पोरीचा अंगठा आत दुमडून ती बांगडी हळूहळू चढवत होती. म्हणाली, "गिऱ्हाईक बसलंय. आत यायचं असंल तर चपला बाहेर काढा."

चपराशी हसला. लोक जमले होते, तेही हसले. साहेबांना मराठी येत नव्हती. ते माझ्याकडं वळले.

"क्या कह रही है? यहाँ कुछ था क्या?"

मी नकाशा काखेत धरला, खाली वाकलो आणि चपला काढल्या.