अर्ध्यावर सोडलेली उपासना

अल्लीपूरला आमच्या भाजीच्या वावराला लागून टिनाच्या छपराची एक खोली आहे. दारावर पांढरा क्रूस रंगवलेला. रविवारी सकाळी आतून पेटीचा सूर येतो, गाणी येतात आणि तासा-दीड तासानं चपला घालून सारे घरी जातात. सारे म्हणजे किती? आमच्या घरच्या पंगतीला त्याहून जास्त माणसं बसतात. ही गावातली ख्रिस्ती मंडळी, आणि श्रावण सोनटक्के हे तिचे पास्टर.

सोनटक्के मूळचे रोहण्याचे. तरुणपणी गवंडीकाम करायचे. त्या खोलीच्या भिंती त्यांनीच उभ्या केल्या. उंच, किडकिडीत माणूस, सदानकदा सायकलवर. मला त्यांच्याबद्दल फार दिवसांचं कुतूहल होतं. एकदा बांधावरूनच विचारलं, "पास्टर, राग नका मानू, पण रविवार सोडून तुम्ही करता काय जी?"

ते हसले. "लय जण विचारतात. उद्या येजा माह्यासंग."

गेलो. शेतात काम नव्हतं आणि चैनही पडत नव्हतं.

आधी नत्थूजींकडे थांबलो. म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसतं. त्याचा बैल महिन्यापूर्वी गेला होता, आणि तो बैल लहानपणी कसा होता इथपासून त्यानं सुरुवात केली. पास्टर ऐकत बसले. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग गुलाबच्या घरी तिच्या सासूचे सुजलेले पाय पाहिले, मीठ कमी खा म्हणाले. शेवटी गावाच्या टोकाला धुरपतामायकडे. मुलगा पुण्याला कंपनीत, ही एकटी राहते. "इतक्या उन्हात काऊन फिरता?" म्हणून तिनं पास्टरांना रागावून घेतलं आणि आम्हाला दोघांनाही चहा पाजला. प्रत्येक घरी निघताना डोळे मिटून छोटी प्रार्थना. बस.

परतताना मी म्हटलं, "ह्या तर गप्पा झाल्या, पास्टर."

"हो," ते म्हणाले, "गप्पाच."

माझं काही समाधान झालं नाही.

थंडी पडली तेव्हा त्यांची बायको सुलोचनाबाई सांभार, म्हणजे कोथिंबीर, न्यायला वावरात आली. चेहरा उतरलेला. नागपूरहून उजागरेसाहेब येणार होते, त्यांच्या संस्थेचे मोठे अधिकारी. "लहान लहान मंडळ्या बंद करून हिंगणघाटच्या मोठ्या चर्चात मिळवून राह्यले," ती म्हणाली. "दर रविवारी न्यायले गाडी येईन म्हणतात. साहेब या रविवारी पाहून जातील आणि काय ते सांगतील." तिनं खोलीला चुना मारला होता. साऱ्यांना वेळेवर या म्हणून बजावून आली होती.

त्या रविवारी मी वांगी तोडत होतो. दार उघडंच होतं. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं आणि मधेच थांबलं. मी मान वर केली. पास्टर उभे राहून बायांच्या बाजूला बघत होते.

"धुरपतामाय काऊन नाई आली?"

"उशीर झाला असंन," गुलाब म्हणाली.

"ते उशिरा येत नाई. बरं नसलं तं निरोप धाडते." त्यांनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं. "साहेब, माफ करा. मी पाहून येतो."

उजागरेसाहेब पुढच्या खुर्चीवर होते. म्हणाले, "सोनटक्के, उपासना आटोपून जाऊ ना. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

पण पास्टरांचा एक पाय चपलेत गेला होता. त्यांच्यामागे सुलोचनाबाई, मग गुलाब, मग अख्खी मंडळी. नत्थूजीसुद्धा कुणाचा तरी खांदा धरून निघाले. खोलीत साहेब एकटेच उरले, मग तेही गाडी घेऊन निघाले. मी टोपली बांधावर ठेवली आणि पाठोपाठ गेलो.

दार नुसतं लोटलेलं. घरात कोणी नाही. मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या ढिगाजवळ ती पडली होती. चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या काड्या घ्यायला गेली असावी. तोंड वाकडं झालेलं, उजवी बाजू लुळी. डोळे मात्र उघडे. पास्टर दिसले तशी बोलायला गेली, पण नुसता घोगरा आवाज निघाला.

"बोलू नको माय, आम्ही सारे आलो," म्हणत त्यांनी तिला उचललं. "साहेब, गाडी!"

उजागरेसाहेबांनी स्वतः गाडी मागे घेतली. सुलोचनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. पाय धरायला मला बसवलं, म्हणून मीही पोचलो. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा आहे, पण वेळेत आणलं. संध्याकाळ केली असती तर काही सांगता आलं नसतं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. साहेबांच्या पांढऱ्या शर्टाला माती लागली होती. ती झटकत ते म्हणाले, "सोनटक्के, माझ्या चर्चमध्ये शेकडो लोक येतात. मागच्या रविवारी कोण आलं नव्हतं, मला सांगता यायचं नाही. तुम्ही गाता गाता कसं ओळखलं?"

पास्टर जरा गोंधळले. "ओळखाले काय लागते, साहेब? आमच्यात एक माणूस नसलं की गाणंच पातळ होते."

मला नत्थूजींचा बैल, सुजलेले पाय, तो चहा, सगळं एकदम आठवलं. त्या गप्पा मारल्या नसत्या तर धुरपतामाय निरोप धाडते की नाही, हे यांना ठाऊक तरी झालं असतं का?

साहेबांनी खोली बंद केली नाही. पण शेजारच्या दोन गावांची मंडळीही पास्टरांच्याच गळ्यात पडली, त्यामुळे सायकल आता जास्त चालते. धुरपतामायला मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथं तिचं मन रमेना, उन्हाळ्याआधी परत आली. काठी टेकत चालते, शब्द अडखळत येतात. गुलाब तिला हाताला धरून खोलीत आणते. सावंगीच्या दवाखान्यात लुळ्या हातापायाची मालिश शिकवतात, तिथं तिला एसटीनं पास्टरच नेतात.

मी काही त्यांच्या देवाचा झालो नाही. त्यांनी कधी तसं म्हटलंही नाही. पण कधी कधी त्यांच्यासोबत फिरतो. परवा राहवलं नाही, विचारलंच, "पास्टर, डोळे मिटून तुम्ही इतकं काय मागता?"

"नावं घेतो, बाप्पा. एकेकाचं." सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, "तुमचंही असते."

"माह्यं काऊन?"

"तुमच्या नातीची, सुरभीची, नर्सिंगची परीक्षा होती ना? कसे गेले पेपर?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन आधी नातीला फोन लावला.