पूजेचं पाणी

गौरम्माचं अमुक एकाशी चांगलं पटतं, असं लातुरात कुणी सांगितलं, तर तो माणूस एक तर गौरम्माला ओळखत नव्हता, नाहीतर सरळ खोटं बोलत होता. शेजारणीशी तिचं भांडण मोरीच्या पाण्यावरून होतं. जावेशी कशावरून होतं, ते दोघीही विसरल्या होत्या, पण भांडण तेवढं चालू होतं. नवरा ईश्वरप्पा आडत दुकानातून घरी आला की अंगणात चपला काढता काढता घरातल्या हवेचा अंदाज घ्यायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. तो बिचारा लवकर सुटला. गौरम्मा मात्र साठीला टेकली तरी खणखणीत होती.

दिवसातून एकदाच तिचं तोंड बंद असायचं, ते पूजेच्या वेळी. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं, हे तिनं कधी चुकवलं नव्हतं. पूजेचं घोटभर पाणी ती तीर्थ म्हणून प्यायची आणि उरलेलं परड्यातल्या बेलाच्या बुडाशी नेऊन ओतायची. ते मोरीत जाता कामा नये, कुणाच्या पायाखाली येता कामा नये. जगातले बाकीचे सगळे कायदे तिनं दुसऱ्यांसाठी ठेवले होते, हा एकच स्वतःसाठी होता.

सून मिळाली ती शिवगंगा. उदगीरची मुलगी, शाळेत शिक्षिका, आणि ऐकून घेणं तिच्याही रक्तात नव्हतं. मुलगा मन्मथ रेणापूरला तहसील कचेरीत कारकून होता. तो सकाळी निघायचा आणि शक्य तितक्या उशिरा परतायचा, यात त्याचा शहाणपणा दिसून येतो. एकदा पुण्याला ट्रेनिंगला गेला आणि येताना बायकोसाठी ऑर्किडचं रोप घेऊन आला. आत पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी, बाहेर पांढरी चिनीमातीची, जाड पानं आणि जांभळ्या फुलांची लांब दांडी.

गौरम्मानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "वास न्हाई. देवाला चालत न्हाई. येणीत बसत न्हाई. मंग कशाला आणलंस रं हे?"

"बघायला, अव्वा," मन्मथ म्हणाला.

"बघायला मी हाय की घरात."

दिवाळीत आलेली फुलं संक्रांत उलटली तरी झाडावर होती. शिवगंगा शाळेतून आली की आधी खिडकीपाशी जायची, मग पर्स खाली ठेवायची. हे गौरम्माला मुळीच खपत नव्हतं. माणसाकडे न बघता झाडाकडे बघणारी सून तिनं पहिल्यांदाच पाहिली होती.

मग दुष्काळानं सगळ्यांच्याच नाकात दम आणला. नळ तर कधीच कोरडे पडले होते, आता टँकरही यायचा तेव्हा यायचा. टाक्यांभोवती पोलीस उभे राहिले, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. शिवगंगेनं ऑर्किडला पाणी घालणं बंदच केलं. बाहेर बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना आपण फुलझाडाला पाणी घालायचं, याची तिला लाज वाटायची. परड्यातला बेल पानं टाकत टाकत वाळून गेला. तुळशीची नुसती काडी उरली.

गौरम्मापुढे प्रश्न पडला तो पूजेच्या पाण्याचा. बेल गेला, वाहायचं पान बाजारातून आणता येत होतं, पण हे ओतायचं कुठं? हातात तांब्या घेऊन ती घरभर फिरली आणि खिडकीतल्या त्या पुण्याच्या झाडापाशी येऊन थांबली. घरात हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. सून शाळेत गेलेली होती. गौरम्मानं पानांच्या बेचक्यात तांब्या रिकामा केला. माया म्हणून नव्हे, अडचण म्हणून. दुसऱ्या दिवशीही ओतलं, तिसऱ्या दिवशीही, आणि मग तो नेमच झाला. पुढे पुढे तिला त्यात एक वेगळीच गंमत वाटायला लागली. सून झाडाला उपाशी ठेवते आणि आपण त्याला लिंगाचं पाणी पाजतो, म्हणजे झाड आता कुणाचं?

झाड मात्र बिघडत चाललं. पानं पिवळी पडली, बेचक्यातून काळपट झाली. शिवगंगेला तेव्हा दिवस गेलेले होते, तेही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, त्यामुळे घरात आधीच हळवं वातावरण होतं.

"तुम्ही यावर गरम पाणी टाकलंत का?" तिनं एक दिवस सरळ विचारलं.

"मी कशाला टाकू? तूच तहानेनं मारून राहिलीस त्याला. जीव लावता येत न्हाई तर आणावं कशाला?"

शेवटी एका रविवारी दुपारी शिवगंगेनं जमिनीवर पेपर अंथरला आणि कुंडी उचलली. बाहेरच्या चिनीमातीच्या कुंडीला खाली भोकच नव्हतं. आत पाणी साचलेलं, आणि त्याला कुजका वास. तिनं रोप ओढलं तर ते अलगद हातात आलं. मुळं तपकिरी, बोटानं दाबली की साल निघून नुसता दोरा उरायचा. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या लाकडाच्या सालीच्या तुकड्यांवर पांढरा राखट थर बसला होता आणि मध्ये मध्ये सडलेली बेलाची पानं होती. शिवगंगाही लिंगायताच्याच घरातली. तो थर कसला ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अव्वा, पूजेचं पाणी यात ओतत होता?"

"मंग कुठं ओतू? मोरीत?"

"रोज?"

"पूजा रोजच असती बाई. तुज्यासारखी आठवड्याला एक डाव न्हाई."

"पाण्यानं कुजलंय हे. याला इतकं पाणी चालत नाही. याची मुळं झाडाच्या खोडावर, हवेत वाढतात."

गौरम्माला हसूच आलं. "समदं लातूर पाण्यावाचून रडून राहिलं अन् तुजं झाड पाण्यानं मेलं म्हणतीस? बाहेर जाऊन सांग कुणाला, येड्यात काढतील तुला. लिंगाच्या पाण्यानं काय मरत नसतं."

शिवगंगेचा हात आपोआप पोटावर गेला. "माझ्या लेकराच्या तोंडातही असंच ओताल तुम्ही."

"ओतीनच की. जल्मल्याबरुबर पैलं तीर्थच पाजीन. मन्मथलाबी पाजलं हुतं. मेला का त्यो?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने आईच्या दुधाशिवाय थेंबभरही काही द्यायचं नाही."

"डागदरला इचारून माजा लेक वाढला न्हाई."

शिवगंगा ओरडली असती तर गौरम्माला बरं वाटलं असतं, ओरडण्याला तिच्याजवळ उत्तर तयार असायचं. पण शिवगंगा शांतपणे म्हणाली, "मग लेकरू या घरात येणार नाही. बाळंतपणाला उदगीरला जाते, ती तिकडंच राहते. यांनी बदली मागितलीय."

तेव्हा उदगीर जिल्हा होणार म्हणून हवा होती. जिल्हा झाला की कचेऱ्या येणार, जागा निघणार, असं मन्मथ जेवताना म्हणायचा. गौरम्मा ते उडवून लावायची. "लातूर जिल्हा झाला तवा मी नवी नवरी हुते. पेढे वाटले, बँड लावला. नळाला पाणी आलं का?" आज तिनं कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे पाहिलं. मन्मथ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. म्हणजे अर्ज खरंच केलेला होता, आणि आईला सांगायची हिंमत त्याला झाली नव्हती.

गौरम्माला त्या घटकेला भीती वाटली. ट्रंकेत तिनं धुऊन धुऊन मऊ झालेली आपली लुगडी दुपट्यांसाठी फाडून ठेवली होती, सुनेला कळू न देता. ते लेकरू आपल्या मांडीवर येणारच नाही, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

शिवगंगेनं कात्री घेऊन कुजकी मुळं कापली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. शेवटी दोन-तीन मुळं आणि तीन पानं उरली. कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून तिनं रोप पुन्हा बसवलं, यावेळी भोकांच्या कुंडीत.

"जाताना हे इथंच ठेवणार आहे मी," ती म्हणाली.

"घिऊन जा की तुजं मढं."

"नाही. तुमच्याजवळच. मी फोनवर सांगेन तेव्हा, सांगेन तेवढंच पाणी. एरवी थेंब नाही. जगलं तर लेकरू घेऊन येते. पाण्यानं मेलं तर येत नाही."

शिवगंगा माहेरी गेली. घरात भांडायला कुणी उरलं नाही, तशी गौरम्मा झाडाशी भांडायला लागली. पूजा झाली की सवयीनं तांब्या घेऊन खिडकीपाशी यायची आणि दात-ओठ खात परत फिरायची. मग ते सगळं पाणी, विभूतीसकट, स्वतःच पिऊन टाकायची. झाडाची पानं मलूल होऊन सुरकुतली होती. तहानलेलं दिसतंय, पाणी हाताशी आहे, आणि द्यायचं नाही. साऱ्या जन्मात तिला असलं काम कुणी सांगितलं नव्हतं. "मर मंग!" असं ओरडून ती आत जायची आणि पोळी लाटता लाटता पुन्हा येऊन बघायची.

फोन यायचा. तब्येत कशी, गुडघे कसे, काही नाही.

"झाड?"

"हाय."

"आज दोन चमचे. कडेनं. बेचक्यात नको."

"समजतं मला," म्हणून गौरम्मा फोन ठेवायची आणि चमचा काठोकाठ भरतोय का ते डोळ्यांजवळ नेऊन बघायची.

पुढे पाऊस झाला, तोही असा की ओढे रस्त्यावर आले. शेजारणीनं आपल्या सगळ्या कुंड्या अंगणात मांडल्या. गौरम्मानं खिडकी लावून घेतली. एका संध्याकाळी मन्मथ कचेरीतून आला, झाड बघून त्याचा जीव कळवळला आणि पाण्याची बाटली त्यानं कुंडीवर तिरपी केली. गौरम्मानं त्याच्या हातावर असा फटका मारला की बाटली पार मोरीपर्यंत गेली.

"मारतूस का लेकराला!"

आपण काय बोलून गेलो ते तिच्या नंतर ध्यानात आलं. मन्मथच्या आधीच आलं होतं. तो बाटली उचलायला मोरीकडे गेला.

गणपती उठले आणि पानांच्या खालून एक टोक बाहेर आलं, हिरवं आणि ओलसर. मूळ होतं ते. गौरम्मानं चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. फोनवर मात्र त्या दिवशीही ती "हाय" एवढंच म्हणाली.

मुलगी झाली. उदगीर जिल्हा झाला नाही, मुलगी झाली. बोलावण्याची वाट न बघता गौरम्मानं मांडीवर कुंडी घेतली आणि एसटीत बसली. शेजारच्या बाईचा कोपर कुंडीला लागला म्हणून तिच्याशी भांडत भांडत उदगीर आलं.

शिवगंगेनं सासूच्या हातातून आधी कुंडी घेतली. मूळ बघितलं, तुकडे उकरून बघितले, वासही घेतला.

"पूजेचं पाणी?"

"म्या पिले. समदं."

शिवगंगेनं कुंडी खिडकीत ठेवली आणि लेकरू उचलून गौरम्माच्या मांडीवर दिलं. इवलंसं तोंड, ओठ चोखत होतं. गौरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

शिवगंगेची आई मोठी भाबडी बाई. नुकतीच तिची पूजा झाली होती. ती तीर्थाची वाटी घेऊनच पुढे आली. "आजी आलीया तर आजीच्याच हातानं एक थेंब लावा हो, इनबाई, नातीच्या ओठाला. तुमची सून कवाची नको म्हणून राहिली. तुमचं तरी ऐकंल."

वाटी गौरम्माच्या हाताशी आली. तिनं वाटीकडे पाहिलं, लेकराच्या ओठांकडे पाहिलं. मग लेकराला पदराखाली ओढून घेतलं आणि विहिणीवर खेकसली, "मागं घ्या ती वाटी! सा म्हैने थेंब न्हाई, सांगितलेलं कळत न्हाई का तुम्हाला?"

विहीणबाई वाटी घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. शिवगंगा पुढे झाली. मग लेकराचं दुपटं सारखं करत म्हणाली, "जाताना झाड परत न्या, अव्वा. मी येईपर्यंत तिकडंच असू द्या. इथं ठेवलं तर आई त्याला रोज पाणी घालेल."

"घालंल की," गौरम्मा म्हणाली. "तुजीच आई ती."