परब मॅडमचे सहा तास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — मन हलकं व्हावं अशी माझी लायकी नाही. गेल्या आठवड्यात घोडपदेवला एका तेराव्याला गेलो होतो, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, म्हणून सांगतोय. राग कुणावर? तेच सांगायचं आहे, पण जीभ वळत नाही.

मी परळच्या एका जुन्या कॉलेजचा प्राचार्य होतो. गिरण्या बंद झाल्या तरी त्या चाळींतली मुलं आमच्याकडे येत राहिली. मग एकत्रीकरण आलं. संस्थेची तीन कॉलेजं मिळून एक विद्यापीठ होणार, विभाग ‘सुसूत्र’ करणार. सुसूत्र! माणसं हलवायची आहेत तर तसं म्हणा ना! पण हे मी तेव्हा म्हटलं नाही. उलट स्टाफच्या सभेत तोच शब्द मीही घोळवून घोळवून वापरला. सगळ्यांना सांभाळून पलीकडे नेईन, कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं.

इतिहास शिकवायच्या नलिनी परब. आम्ही एम.ए.ला एका बाकावर होतो. चारचौघांत ती मला सर म्हणायची, केबिनमध्ये अरे सावंत. मुलांना घेऊन लालबागच्या गल्ल्यांतून चालायची, तुझे आजोबा गिरणीच्या कुठल्या खात्यात होते ते घरी विचारून ये म्हणायची. मुलं विचारून यायची. तिची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी एकचा तास संपला की ही पंधरा मिनिटांत घरी, आईला भरवायला. तिचं सगळं आयुष्य त्या पंधरा मिनिटांच्या अंतरावर उभं होतं — आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडे शिक्षकाची जागा टिकते ती त्याच्या नावावर आठवड्याला किती तास आहेत त्यावर. कुणाचे कमी पडले, की दुसरा आपले चार-सहा तास कागदावर त्याच्या नावे करतो, शिकवतो मात्र स्वतःच. नियमात बसत नाही, माणुसकीत बसतं. राज्यशास्त्राच्या घाडीचे तास एका वर्षी कमी पडले. नवीन पोरगा, नुकतंच लग्न झालेलं. मीच नलिनीला म्हटलं, तुझे सहा तास वर्षभर त्याच्या नावावर टाकतो. ती एका शब्दाने हो म्हणाली. मी साध्या कागदावर लिहून ठेवलं, की हे सहा तास खरे परब मॅडमचे. खाली तिची आणि माझी सही, माझा शिक्का. कागद ड्रॉवरमध्ये.

पुढच्या वर्षी घाडीचे तास आपोआप भरले. नलिनीचे परत फिरवायचे होते. मी फिरवले नाहीत. तेव्हा निव्वळ आळस होता, शपथेवर सांगतो. पण तेवढं सांगून थांबलो तर ती पुन्हा लबाडीच.

कारण मग ती दुसरी सभा झाली. मी ‘सुसूत्र’ म्हणालो आणि नलिनी उठली. सगळ्यांसमोर म्हणाली, “सर, एवढंच सांगा — तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?” कुणीतरी मागे हसलं. बस्स. त्या एका हसण्यासाठी मी — काय माणूस म्हणायचा मी?

चार दिवसांनी एकत्रीकरणाच्या समितीने विचारलं, इतिहासाचे तास कमी दिसतात, आकडे बरोबर आहेत ना? कागद काढला असता तर विभाग वाचला असता. खोटी माहिती पाठवल्याचा जाब मला द्यावा लागला असता, आणि नव्या विद्यापीठातली खुर्ची कदाचित गेली असती. तेवढंच. पण माझ्या डोक्यात भीती पहिली नव्हती. पहिलं हे आलं — विचार आता, मी कुणाच्या बाजूचा ते. मी म्हणालो, “बरोबर आहेत.”

विभाग बंद झाला. नलिनीची बदली संस्थेच्या विरारच्या पुढच्या कॉलेजात. यादी मीच वाचून दाखवली, “वरून आलंय” म्हणालो आणि नामानिराळा झालो. ती केबिनमध्ये आली. भांडायला नाही. म्हणाली, “अरे सावंत, तो आपला सह्यांचा कागद असेल ना तुझ्याकडे? दाखव ना त्यांना.” मी म्हणालो, शोधतो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, शोधतोय. चौथ्या दिवशी म्हणालो, सापडत नाही गं. तिने मान हलवली. वर मलाच म्हणाली, जाऊ दे, तू तरी काय करणार.

आठ महिने ती जात-येत राहिली. आईला शेजारीण भरवायची. मग तिने राजीनामा दिला. माझ्या निवृत्तीला शाल, नारळ, भाषणं — कठीण काळात सरांनी सगळ्यांना सांभाळलं म्हणे! घाडी तर माइकवर रडला. आणि मी शाल खांद्यावर नीट करून घेत होतो. त्या शालीचा मला आजही संताप येतो. ती पांघरणाऱ्याचा जास्त.

गेल्या आठवड्यातलं तेरावं तिच्या आईचं. शेजारीण सांगत होती, पहिल्यांदा घास अडकून जीव घाबरा झाला तेव्हा नलिनी विरारच्या गाडीत होती. म्हातारी त्यानंतर कधी धड जेवलीच नाही. मी पानावर बसलो होतो. नलिनी वाढत वाढत आली आणि तिच्या मालवणहून आलेल्या मामाला म्हणाली, “मामानू, हे आमचे सावंत सर. माझ्या एका कागदासाठी चार दिवस सगळी कपाटं उपसली ह्यांनी. आजकाल कोण करतं एवढं?” मामांनी मला हात जोडले. मीही जोडले. मग तिने माझ्या पानात आणखी एक वडा वाढला, आणि मी तो खाल्ला.

मी एकही कपाट उघडलं नव्हतं. ते चारही दिवस कागद टेबलाच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये होता, आणि किल्ली माझ्या खिशात.